हरभऱ्यातली रबरी गोळी

हिवाळ्यात उज्जैनहून बडनगरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. हरभऱ्याच्या वावरात मध्येच एखादी काठी रोवलेली असते आणि तिला टांगलेली प्लास्टिकची लांबट पिशवी वाऱ्यावर हलत असते. उडत आलेला कचरा अडकला असेल असं वाटून माणूस पुढे निघून जातो. जवळ जाऊन पाहिलं तर वर एक झाकण, त्याखाली नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाला बांधलेली ती पिशवी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला अडकवलेली रबराची एक छोटी गोळी. महाराष्ट्रातली कृषी विद्यापीठं याला कामगंध सापळा म्हणतात. माळव्यात फेरोमोन ट्रॅप. ज्या किडीसाठी तो उभा केलेला असतो ती आपली घाटेअळी, इथली नुसती ‘इल्ली’.

या यंत्राला ना वीज लागते, ना त्यात एकही फिरणारा भाग आहे. सगळं काम ती गोळी करते. तिच्यात काही मिलिग्रॅम रसायन मुरवलेलं असतं, घाटेअळीची मादी पतंग रात्री नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्याची नक्कल. या गंधात मुख्य घटक दोन आणि त्यांचं प्रमाण साधारण 97 ला 3. याच पतंगाची एक जवळची जात तंबाखूवर जगते. तिच्या मादीच्या गंधातही हेच दोन घटक असतात, फक्त प्रमाण जवळजवळ उलटं. तेवढ्या फरकावर अंधारात दोन्ही जातींचे नर आपापली मादी बरोबर ओळखतात. मला या सगळ्या विषयात याहून थक्क करणारी गोष्ट दुसरी सापडलेली नाही.

नराचं नाक म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या दोन शृंगिका. त्यांवर हजारो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला छिद्रं. गंधाचा कण छिद्रातून आत शिरतो, आतल्या द्रवातली प्रथिनं त्याला उचलून चेतापेशीपर्यंत नेतात, तिथे त्या गंधाचा ग्राही असेल तर विजेचा बारीक ठोका उठतो आणि मेंदूकडे जातो. हा ठोका शृंगिकेला तारा जोडून मोजायची पद्धत डीट्रिख श्नायडर यांनी 1957 मध्ये बसवली. दोनच वर्षांनी, 1959 मध्ये, आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा कामगंध शुद्ध रूपात वेगळा केला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या आणि वीसएक वर्षं लागली. बडनगरच्या वावरातली रबरी गोळी त्या कष्टांचीच पुढची पिढी आहे.

गंध हवेत सरळ रेषेत पसरत नाही, वाऱ्याबरोबर त्याचे तुटक लोळ वाहतात. लोळ लागला की नर वाऱ्याच्या उलट दिशेला झेपावतो. तो हरवला की आडवा, डावी-उजवीकडे घिरट्या घालतो आणि पुन्हा सापडला की पुढे. असं करत तो झाकणाखाली पोचतो, तिथे धडपडतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवायचा, पीक वाढलं की तोही वर सरकवायचा, हे सल्ले या उडण्यावरूनच आलेले आहेत. गोळीला उघड्या हाताने शिवू नये, एका किडीची गोळी हाताळून त्याच बोटांनी दुसरीची बसवू नये. बोटांना लागलेला अंशही पतंगाला पुरतो.

पण पिशवीत सापडतात ते सगळे नर. हरभऱ्याचं नुकसान मादीच्या अंड्यांतून होतं आणि मादी या गोळीकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला हवा असतो रोपाचा वास. कापलेल्या गवताला येतो तसला हिरवा दर्प आणि फुलांचे गोड गंध तिला कळतात. टोमॅटोत झेंडूच्या ओळी लावतात, त्या तिला झेंडूकडे वळवून फळं वाचवण्यासाठी. याहून खोलातली गोष्ट अमेरिकेत मक्यावरच्या, याच कुळातल्या पतंगाबाबत 1992 मध्ये समोर आली. मक्याचा वास लागेपर्यंत तिथली रानातली मादी स्वतःचा कामगंध तयारच करत नाही. अंडी घालायची जागा जवळ आहे ही खूण पटली की मगच ती नराला हाक देते. पानांच्या हिरव्या दर्पातला एक घटक कामगंधाच्या जोडीला ठेवला तर त्या पतंगाचे नर सापळ्यात जास्त येतात, हेही पुढे दिसलं. म्हणजे नर-मादीच्या या बोलण्यात पीक पहिल्यापासून तिसरं असतं.

आणि हरभरा काही मुकाट सोसणारं रोप नाही. पहाटे त्याच्या पानांवर जी आंबट आंब येते, जी आपल्याकडे फडक्याने टिपून पोटदुखीवर देतात, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. ऑक्झॅलिक आम्ल जास्त असलेल्या वाणांवर घाटेअळी नीट पोसत नाही. पण याच आंबेपायी एक मित्रही दुरावतो. इतर पिकांत किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी हरभऱ्यावर फारशी टिकत नाही. तिची जागा घेते कॅम्पोलेटिस ही दुसरी गांधीलमाशी, जी लहान अळ्यांना गाठते. हरभऱ्यात कोथिंबीर मिसळून पेरायला सांगतात ते तिच्यासारख्या मित्रकीटकांना फुलांतला मध मिळावा म्हणून. खाल्ली जाणारी रोपं स्वतःच वेगळे गंध सोडून अशा माश्यांना बोलावतात, हे मक्यावरच्या प्रयोगांतून 1990 मध्ये स्पष्ट झालं होतं.

पिशवीत येतात ते फक्त नर, म्हणूनच हा सापळा अळ्या मारण्यासाठी लावतात, ही समजूत मला धोक्याची वाटते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. पिशवीत थोडे नर अडकले म्हणून अंडी कमी पडत नाहीत. सापळा बातमी देतो, आणि बातमीची किंमत ती रोज वाचण्यात आहे. हेक्टरी पाच सापळे लावून सकाळी मोजणी करायची. एका सापळ्यात सलग दोन-तीन रात्री 8 ते 10 पतंग आले की अंडी पडू लागली असं धरून शेंडे, कळ्या तपासायच्या. अळ्या लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा एचएनपीव्ही हा विषाणू उपयोगी पडतो. अळी मोठी होऊन घाट्यात डोकं खुपसून बसली की फवारणीचा पैसा मातीत जातो. एकटी अळी 30 ते 40 घाटे पोखरू शकते. डॉलर चन्याचं, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याचं, पीक घेणाऱ्याला त्याचा हिशेब सांगावा लागत नाही.

ही मोजणी लावून देण्याचं काम उज्जैनचं कृषी विज्ञान केंद्र करू शकतं. ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. सापळा स्वस्त आहे, महाग आहे ती रोज सकाळची फेरी. थंडीत, दवात, चार दिवस पिशवी रिकामी निघाली तरी पाचव्या दिवशी पुन्हा जाऊन पिशवीचं तोंड सोडायचं, मेलेले पतंग मोजायचे, आकडा वहीत टिपायचा. साधारण तीन-चार आठवड्यांनी गोळीतला गंध ओसरतो. मग पिशवी रिकामी निघते, शेतकरी निर्धास्त होतो आणि पंधरा दिवसांनी घाट्यांना भोकं दिसतात. गोळी बदलल्याची तारीख काठीवर खडूने लिहून ठेवली तरी हे टळतं.

मार्चपर्यंत हरभरा निघतो. काठ्या उपटल्या जातात, नरसाळी धुऊन ठेवली जातात. पावसाळ्यात त्याच काळ्या मातीत सोयाबीन उभं राहतं, बांधाला कुठे एरंडी असते, आणि तीच नरसाळी पुन्हा बाहेर येतात. आता त्यांच्यात तंबाखूची पानं खाणाऱ्या, पण मघाच्या तंबाखूवरच्या जातीहून वेगळ्या, अळीची गोळी असते, कारण सोयाबीनवर रात्री येणारे पतंग तिचे असतात.