बागेचे घर : आधी हिशेब, मग स्वप्न

दारापुढे चार हात बाग असावी, ही सदनिकेत राहणाऱ्या अनेकांची मनीषा असते. मात्र त्यासाठी केवळ घराची किंमत पाहून चालत नाही.

पुणे महापालिका हद्दीतील ६० लाखांचे घर घेतले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज कमाल ८० टक्के, म्हणजे ४८ लाख मिळू शकते. उरलेले १२ लाख स्वतःचे. सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे हाताशी साडेसोळा लाख हवेत. सामान हलविण्याचा खर्च निराळाच. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का, म्हणजे ६० हजार वाचतात.

दुसरा प्रश्न बागेच्या मालकीचा. तळमजल्यावरील घरापुढच्या बागेसाठी अनेकदा जादा रक्कम मागितली जाते. परंतु २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार प्रकल्पातील उद्याने सामाईक क्षेत्रात मोडतात. त्यामुळे मंजूर नकाशा व करारनामा ताडून पाहिल्याशिवाय ही रक्कम देऊ नये. अन्यथा हौसेने जोपासलेली बाग उद्या सोसायटीची ठरायची.

रोपांची घाई मात्र नको. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली रोपे थोड्या खर्चात जोम धरतात.