एक कॉम्प्युटर, अनेकांचे हिशेब

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरमध्ये खंडोबा वर्षभर मुक्कामाला नसतो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत मूर्ती एकच. वर्षातला बहुतेक काळ ती अणदूरला असते, पावणेदोन महिने नळदुर्गला. मूर्ती नेताना-आणताना दोन्हीकडची मंडळी लेखी करार करतात. श्रद्धा सारखीच असली तरी ताबा कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे कागदावर येतं. गावातल्या दुकानाच्या हिशेबालाही एवढाच स्पष्टपणा लागतो.

कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ. खरिपाच्या तोंडावर काउंटरवरचा मुलगा सोयाबीनच्या बियाण्याची बिलं फाडतो. आत बसलेले दिवाणजी उधारी आणि बँकेच्या नोंदी घालतात. मालक रात्री गल्ला जुळवतात. महिन्याला कर सल्लागार जीएसटीसाठी आकडे बघतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर, म्हणजे टॅली, एकच, आणि पुष्कळदा पासवर्डही एकच, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला! मग बिलं फाडणाऱ्या मुलाला मालकाचा वर्षाचा नफा दिसतो आणि कोणाचंही जुनं बिल बदलता येतं. रक्कम चुकली की संशय मात्र सगळ्यांत आधी त्याच्यावरच जातो.

इलाज टॅलीतच आहे. टॅलीप्राइममध्ये कंपनीची माहिती बदलायच्या पडद्यावर ‘कंट्रोल यूजर ॲक्सेस टू कंपनी डेटा’ असा एक प्रश्न असतो. तिथे ‘येस’ केलं की आधी मुख्य माणसाचं नाव आणि पासवर्ड ठरतो. मग ‘यूजर रोल्स’मध्ये खरं काम सुरू होतं. प्रत्येक भूमिकेला दोन याद्या: काय बंद, काय मोकळं. काउंटरवरच्या मुलासाठी विक्रीचं व्हाउचर मोकळं, पण फक्त नवं करण्यापुरतं. बदल बंद, ताळेबंद आणि नफा-तोटा बंद. दिवाणजींना लेजर आणि बँक हवीच. कर सल्लागाराला बहुतेक वेळा नुसतं बघता आणि छापता आलं तरी पुरतं.

‘यूजर रोल्स’च्या पडद्यावर आणखी दोन रकाने आहेत, आणि त्यांच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. एकात मागच्या किती दिवसांच्या तारखेची नोंद चालेल तो आकडा, दुसऱ्यात ती तारीख जिच्या मागे जाता येणार नाही. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या दुकानाची विक्रीची माहिती, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते. ती गेल्यावर कोणी मागच्या महिन्याचं बिल बदललं, तर वही एक सांगते आणि पोर्टल दुसरं. विवरणपत्र गेलं की ती तारीख पुढे सरकवायची, एवढी सवय लावली तरी हा घोळ टळतो.

हे कुलूप टॅलीच्या आत आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. कंपनीचा डेटा हार्ड डिस्कवर आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि तो पेन ड्राइव्हवर सहज उतरतो. त्यासाठी ‘टॅलीव्हॉल्ट’ आहे. तो लावला की डेटा कूटबद्ध होतो आणि यादीत कंपनीच्या नावाऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात. पण व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर डेटा परत उघडत नाही. म्हणून तो लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवावा, आणि बॅकअप घेणं चालूच ठेवावं.

नोंदींचा माग ठेवण्याचं बंधन आता कायद्यातही आलं आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून बदलांचा माग ठेवणारं आणि तो माग बंद न करता येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. एकट्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती नाही. तरी टॅलीतला ‘एडिट लॉग’ त्यालाही चालू ठेवता येतो. नोंद कोणी केली, कोणी बदलली, केव्हा बदलली, हे त्यात दिसतं.

हा लॉग कामाला यायचा तर प्रत्येकाचं नाव वेगळं हवं. सगळेच मालकाच्या नावाने आत शिरले, तर लॉगमध्ये पानोपानी मालकच दिसतील आणि काउंटरवरच्या मुलाला आपली बाजू मांडायला काहीच हाती उरणार नाही. आणि तो मुलगा काम सोडून गेला, तर ज्या दिवशी त्याचा पगार चुकता होतो त्याच दिवशी त्याचा प्रवेशही बंद करावा. नव्याला जुन्याच नावाने बसवू नये.