ओटी राहिली, माजघर गेले

टोकियोहून पूर्वेस एदो नदी ओलांडली की इचिकावा शहर लागते. तेथे मामा नावाच्या भागात (नाव जपानीच आहे, वाचकांनी हसू नये!) टेकडीच्या झाडीत एक विलायती धाटणीचा बंगला आहे. तो किउची जुशिरो यांच्या घराचा उरलेला भाग होय. किउची (१८६६–१९२५) उमरावांच्या सभागृहाचे सभासद व क्योतोचे गव्हर्नर होते. त्यांची पत्नी मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांची कन्या. तिच्या दोन बहिणींचे पती, कातो व शिदेहारा, पुढे पंतप्रधान झाले.

त्या काळचे जपानी श्रीमंत दोन घरे जोडून बांधीत. पाहुण्यांसाठी खुर्च्या-टेबलांचा विलायती भाग आणि कुटुंबासाठी जपानी घर. जपानी घरात जमिनीवर गवती चटया, मध्ये कागदाची सरकती दारे. खोली केवढी, हे चटया मोजून सांगायचे. आपल्या कोलाबा जिल्ह्यात ओटी परक्यांची आणि माजघर घरच्यांचे असे, तसाच हा प्रकार.

या शतकाच्या आरंभी शहराने विलायती भाग पुन्हा उभारला. आता तेथे प्रदर्शने भरतात. काम स्तुत्यच, पण जपानी भाग राहिला नाही. ज्या घरात माणसे जेवली, निजली, तेच गेले.

आम्हीही अलिबाग-रेवदंड्याच्या सिनेगॉगांचे फोटो काढतो. शब्बाथचा दिवा लागे त्या माजघराचा नकाशा मात्र कोणाकडे नाही. ज्यांना पडवी, माजघर, न्हाणी, परसदार आठवते, त्यांनी कागदावर रेघा ओढून संपादकांकडे पाठवाव्यात. मेझुझा कोणत्या दारांना होता, तेही लिहावे.