जुना प्रोग्राम चालतोय, मग बदलायचा कशाला?



गेल्या बैठकीत एका ट्रॉलरमालक भावाने सरळ विचारलं, "जुना प्रोग्राम चालतोय मरे, नव्यावर पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पैसे सभासदांचे, तेव्हा उत्तर देणं आमचं काम.

आपलं डिझेल, बर्फ, शेअर, कर्ज सगळं फॉक्सप्रोवर बसवलेलं आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये बंद केला. इंजिन चालतंय पण स्पेअर पार्ट मिळत नाहीत, अशी होडी घेऊन कोण खोल पाण्यात जाईल? शिवाय त्यातली एक फाईल २ जीबीच्या पुढे जात नाही.

खरा मार बसला तो ऑगस्टमध्ये. हंगामाची गर्दी, त्यात लाईट गेली आणि इंडेक्स बिघडला. दोन दिवसांच्या डिझेलच्या नोंदी गेल्या. पावत्यांच्या कार्बन कॉप्या होत्या म्हणून निभावलं. क्लार्कने त्या रात्री बसून पुन्हा टाईप केल्या, आणि तेवढे दिवस सबसिडीचे कागद अडले. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, पण तो आपणच भरतो.

काही जण म्हणतात, एक्सेलमध्ये लिहा, फुकटात होतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने तेच केलं. जुन्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. जवळजवळ १६,००० कोविड रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेलीच नाही. एवढ्या मोठ्या खात्याचं असं होतं, तर आपलं काय!

आम्ही पोस्टग्रेस सुचवतोय. त्याला लायसन्सचे पैसे नाहीत, आणि दर आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. लाईट गेली तरी पक्की झालेली नोंद टिकावी, अशी त्याची रचनाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक फुकट आवृत्ती आहे, तीही बघितली. पण तिला मर्यादा आहेत, आणि त्या ओलांडल्या की लायसन्स विकत घ्यावं लागतं.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, हे आधीच सांगतो. नवीन प्रोग्राम बसवायचा, जुना डेटा हलवायचा, मुलींना शिकवायचं, ह्याला पैसे लागणार. सगळ्यात किचकट काम नावांचं. जुनी नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, ती युनिकोडमध्ये आणावी लागतील. एकाच सभासदाचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलंही सापडलंय. ते मशीनवर सोडता येत नाही, माणसानेच बसून तपासलं पाहिजे.

म्हणून हे काम बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै ह्या दिवसांत करायचं ठरवतोय. जेटीवर डिझेलची रांग नसते तेव्हा. पण खरी परीक्षा ऑगस्टची, म्हणून तो महिनाभर जुना आणि नवा दोन्ही चालवू. रोज संध्याकाळी बेरजा जुळल्या पाहिजेत, नाही जुळल्या तर जुना बंद करणार नाही.

करारात दोन गोष्टी लिहून घेणार: डेटा संस्थेचा, मागू तेव्हा पूर्ण मिळाला पाहिजे, आणि रोजचा बॅकअप जेटीपासून दूर, दुसऱ्या जागी राहिला पाहिजे. आज प्रोग्राम जाणणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणेल तो दर द्यावा लागतो. तीच गत पुन्हा नको.

आलेली कोटेशनं ऑफिसात ठेवली आहेत, येऊन बघा. येताना पासबुक आणा, नाव आणि बोटीचा नंबर आत्ताच तपासून घेऊ.