गणेशखिंडीची वास्तू आणि मावळची वाट

लोणावळा, कामशेत किंवा वडगावहून विद्यापीठात येणारा विद्यार्थी लोकलने खडकीला अथवा शिवाजीनगरला उतरतो आणि गणेशखिंडीतील तो दगडी मनोरा पाहून क्षणभर तरी थबकतो. वास्तूचा इतिहास विचारला, तर त्याला बहुधा दोन नावे ऐकायला मिळतात : गव्हर्नर सर बार्टल फ्रियर आणि वास्तुशिल्पी जेम्स ट्रबशॉ. ही नावे खरी आहेत. परंतु तो स्वतः ज्या वाटेने आला, त्या वाटेचा या वास्तूशी असलेला संबंध मात्र त्याला कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात गव्हर्नरांनी पुण्यास मुक्काम करावा, हा प्रघात आगगाडीपूर्वीचाच. त्यासाठी दापोडीस सरकारी बंगलाही होता. परंतु मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये बोरघाट उभा होता. 1856 मध्ये तेथे लोहमार्गाचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यापैकी हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे येताच वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, काम पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले. मेलेल्या मजुरांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत. 21 एप्रिल 1863 रोजी घाटातील मार्गाचे उद्घाटन झाले. ते केले याच फ्रियरसाहेबांनी.

दुसऱ्याच वर्षी, 1864 मध्ये, गणेशखिंडीत नव्या प्रासादाचे काम सुरू झाले. याला निव्वळ योगायोग म्हणणे मला तरी जड जाते. मुंबईची राजधानी आता पुण्यापासून काही तासांवर आली होती आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता. दापोडीची मालमत्ता सरकारने विकून टाकली. पुढे तेजी ओसरली, पण बांधकामाचा थाट ओसरला नाही. 1871 मध्ये काम पुरे झाले, तेव्हा खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या घरात गेला होता. या उधळपट्टीवर खुद्द इंग्लंडातही टीका झाली.

या प्रासादाच्या वाट्याला आणखी एक रात्र आली. 22 जून 1897 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथे झाला. तो आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे, म्हणजे याच लोहमार्गावरील एका गावचे. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाचा तो सूड होता. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच वर्षीच्या 10 मार्च रोजी निवर्तल्या होत्या. 2014 पासून विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या प्रासादात त्या वर्षी दिवे उजळले होते, तो आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

विद्यापीठाने पहिला संसार मात्र या प्रासादात मांडला नव्हता. 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापना झाली आणि डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, तेव्हा कचेरी होती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या निजाम अतिथिगृहात. 1 जून 1949 पर्यंत कारभार तेथूनच चालला. मगच गव्हर्नरांचे दरवाजे सामान्यांच्या मुलांना उघडले.

अलीकडे या वास्तूची निगुतीने डागडुजी झाली, ही समाधानाची गोष्ट. आता तिच्या कहाणीचीही डागडुजी व्हावी. गव्हर्नर आणि वास्तुशिल्पी यांच्या नावांच्या जोडीला घाटातील निनावी मजुरांसाठी चार ओळींचा मराठी फलक मुख्य इमारतीपाशी लावावा. तो लावायला फारसा खर्च येणार नाही. मजकूर इतिहास विभागातील विद्यार्थ्यांनी लिहावा. त्यांतला एखादा मावळचा असला, तर अधिकच बरे.