रेषेवरील वेठ

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील बाजारपेठांत आज साडी, पिशवी, चहाचा कप, दिवाळीची पणती, लग्नपत्रिका, ज्या वस्तूकडे पाहावें तिच्यावर पांढऱ्या रेषांचीं लहानशीं माणसें नाचतांना दिसतात. माल खपतो, व्यापाऱ्यास नफा होतो, गिऱ्हाइकास घर सजविल्याचें समाधान मिळतें. परंतु ही रेषा मूळ कोणाची आणि त्या धन्याच्या पदरांत काय पडलें, असा प्रश्न करणारा विरळा. तो आज वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

ही कला डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूच्या वारली लोकांची. हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत होता. म्हणजे हे आमचे शेजारीच. कुडाची भिंत शेणामातीनें सारवून तीवर गेरू द्यावयाचा, तांदुळाचें पीठ पाण्यांत व डिंकांत कालवावयाचें आणि बांबूची काडी टोंकाशीं चावून तिचा कुंचला करावयाचा, एवढेंच साहित्य! डोंगर व टोंकदार झाडें यांवरून त्रिकोण आला, सूर्यचंद्रांवरून वर्तुळ. दोन त्रिकोण टोंकाशीं जुळले कीं मनुष्य उभा राहतो. भाताची लावणी, शिकार, तारप्याभोंवतींचा नाच, सारें त्यांतच मावतें. झोपडीच्या अंधारांत ती पांढरी रेषा उजळून उठते. लग्नांतला चौक सुवासिनींनीं लिहावा व त्यांत पालघट देवी बसवावी, हा परिपाठ. या कलेचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं सांभाळला, त्या बायकांचीं नांवें मात्र कोणीं टिपून ठेविलीं नाहींत.

१९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें वारली पाड्यांवर जाऊन कागद पुरविले. तेव्हां जिव्या सोमा मशे (जन्म १९३४) पुढें आले. स्त्रियांच्या हातीं असलेली, विधीपुरती कला या पुरुषानें नित्याची केली. त्यांना १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनें त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. १५ मे २०१८ रोजीं ते निवर्तले.

कोणी म्हणेल, ही कला एकाची नव्हे, सबंध जमातीची. मग दाम द्यावा कोणास? जें सर्वांचें तें फुकट, हा न्याय कोठला? २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवास आधार मिळाला खरा. परंतु नांव गाळून नुसती आकृति यंत्रावर छापणाऱ्यास आवर घालणें तेवढ्यानें सोपें होत नाहीं. तेथें कायद्याहून सचोटीचेंच काम अधिक आहे.

१९४५ सालीं याच वारल्यांनीं, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं, जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध कंबर कसली होती. वेठ म्हणजे दामावांचून घेतलेलें काम. शेतावरची वेठ निंद्य, मग रेषेवरची क्षम्य कशी?

आमची सूचना मोठी नाहीं. व्यापाऱ्यांनीं नमुना वारली चित्रकाराकडून रोख मोबदला देऊन घ्यावा, आणि चित्रकाराचें व पाड्याचें नांव मालावर छापावें. गिऱ्हाइकांनीं खरेदीपूर्वीं तें नांव विचारावें. शाळांनीं ही कला शिकवावयाची तर पुस्तकांतील आकृति गिरविण्यापेक्षां पाड्यावरील जाणत्या बाईस मानधन देऊन बोलवावें. पेढीवर वहींत उधारी चुकली तर आपण रात्रभर अस्वस्थ होतों. या उधारीची तर अद्याप नोंदच झालेली नाहीं. ती आतां तरी व्हावी.