खांब, काच आणि जॅकीची मंडळी

जॅकी चॅनच्या चाहत्यांत सरळ दोन पंथ आहेत, 'रश अवर'वाले आणि 'पोलिस स्टोरी'वाले. पहिल्या पंथात गर्दी फार, दुसऱ्यात भांडणं फार. मी दुसऱ्यातला. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे माझा तोल सुटला तर वाचक सांभाळून घेतील. तिसराही एक पंथ आहे, ब्रूस लीच्या भक्तांचा. जॅकीला तो विदूषक म्हणतो. या मंडळींशी वाद घालण्यात माझ्या तरुणपणाचा बराच काळ गेला. आता एवढंच म्हणतो, की १९७३मध्ये ली गेल्यावर हाँगकाँगच्या निर्मात्यांनी कितीतरी वर्षं त्याच्या नकलाच विकल्या, आणि त्या रांगेत जॅकीलाही उभं केलं. लो वेईचा 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७६) आठवा. भुवया आवळलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, आणि चित्रपट आपटलेला. जॅकीला राग शोभत नाही. त्याला घाबरणं शोभतं, मार खाऊन हात झटकणं शोभतं. हे ओळखलं युएन वू-पिंगने. १९७८च्या 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'मध्ये त्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना गुरू केलं, जॅकीला टवाळ शिष्य केलं, आणि विदूषकाचा नायक झाला. तेव्हा विदूषक ही शिवी नव्हे, पदवी आहे.

त्याआधीचं सगळ्यांना पाठ आहे. पेकिंग ऑपेराची शाळा, कोलांट्या आणि छड्या, दूर ऑस्ट्रेलियात नोकरीला गेलेले आईवडील. शाळेतले सोबती समो हुंग आणि युएन बियाओ यांची नावं मात्र लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत एकट्या जॅकीची नाही. १९८०चा अमेरिकेतला पहिला प्रयोग फसला. १९८५चा 'द प्रोटेक्टर' तर असा फसला, की पोलिसपट कसा करतात हे दाखवून द्यायला जॅकीने घरी येऊन 'पोलिस स्टोरी' काढला. त्या फसलेल्या चित्रपटाचे म्हणूनच आपण आभार मानायचे.

आता माझ्या लाडक्या काळाकडे येतो. १९८३चा 'प्रोजेक्ट ए' ते १९९४चा 'ड्रंकन मास्टर २', ही अकरा-बारा वर्षं. मारामारीच्या पडद्याला एवढा सुकाळ नंतर लाभला नाही असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकी घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि दोन कापडी छतं फाडत खाली येतो. हे त्याने हॅरॉल्ड लॉइडच्या १९२३च्या 'सेफ्टी लास्ट'वरून उचललं. दुसऱ्या भागात बस्टर कीटनसारखी अख्खी भिंत अंगावर घेतली. उचलेगिरीचा आरोप करणारे समीक्षक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. लॉइड लोंबकळला. जॅकी लोंबकळला आणि पडला. तेही एकदा पडून भागलं नाही. चित्रपटात वेगवेगळ्या वेळच्या दोन उड्या लागोपाठ दाखवल्या आहेत.

मग १९८५चा 'पोलिस स्टोरी'. डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून घरं मोडत गाड्या खाली येतात, छत्रीची मूठ अडकवून जॅकी दुमजली बसला लटकतो, आणि शेवटी तो मॉल. चिम शा त्सुई भागातल्या या मॉलमध्ये दुकानं बंद झाल्यावर रात्री चित्रण चाले. साखरेच्या काचा एवढ्या फुटल्या, की युनिटमधले लोक चित्रपटाला 'ग्लास स्टोरी' म्हणायला लागले. वरच्या मजल्यावरून जॅकी झेप घेतो, मधला खांब पकडतो आणि त्यावर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा फोडत तळापर्यंत घसरतो. माळा बॅटरीवर लावायच्या ठरल्या होत्या, घाईत त्या मेन लाइनला जोडल्या गेल्या. हातांची कातडी भाजली, पाठीला आणि कंबरेला मार बसला. मल्लखांब पाहिलेल्या आपल्या माणसाला या उडीचं मोल चटकन कळतं, फक्त आपल्या खांबाला तेल असतं, विजेच्या तारा नसतात.

आम्ही हा चित्रपट भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, एका मित्राच्या घरी, दिवे घालवून, आठ-दहा डोकी. ही उडी चित्रपटात लागोपाठ तीनदा येते, वेगवेगळ्या कोनांतून. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा कॅसेट अडकली असं समजून मित्राचे वडील व्हीसीआरवर थाप मारायला उठले. तिसऱ्यांदा आली आणि ते उभ्या उभ्याच पाहत राहिले. हिंदी मारधाडीला नाकं मुरडणारे ते गृहस्थ त्या दिवसापासून आमच्या पंथात आले. पुढे केबलवर हिंदी आवाजातले जॅकीपट दिवसरात्र लागायला लागले आणि पंथाचा बाजार झाला. पण पोरं कोलांट्या मारायला शिकली, हेही खरं.

या काळाची खरी किल्ली चित्रपट संपल्यावर सापडते. नावं वर सरकत असताना जॅकी फसलेले प्रसंग दाखवतो. चुकलेली लाथ, सुजलेला घोटा, स्ट्रेचर. कल्पना त्याने अमेरिकेत 'कॅननबॉल रन'मध्ये काम करताना पाहिली. तिथे तो नटांचा विनोद होता, इथे ती साक्ष झाली. १९८६मध्ये 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर झेपावताना फांदी मोडली, डोकं दगडावर आपटलं आणि कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली. तो अपघातही शेवटी दाखवलाच. चाहत्याचं वेड नुसत्या चेहऱ्यावर इतकी वर्षं टिकत नाही. कॅमेरा मागे ठेवून डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस एका चौकटीत दाखवायचा आणि शेवटी पुरावा द्यायचा, हा जॅकीचा प्रेक्षकाशी करार होता. आम्ही त्या कराराचे चाहते.

पण 'सगळं जॅकी स्वतः करतो' हे पालुपद मला मान्य नाही, आणि इथेच माझं माझ्याच पंथातल्या लोकांशी वाजतं. 'पोलिस स्टोरी'त काच फोडून जाणारी मोटरसायकल चालवतो ब्लॅकी को. दुमजली बस करकचून थांबते आणि वरच्या काचांतून गुंड बाहेर फेकले जातात, तो प्रसंग पाहा. बस ठरल्या जागेच्या अलीकडे थांबली, त्यामुळे ती माणसं खालच्या गाडीवर पडायची ती सरळ रस्त्यावर पडली. त्या वेळी जॅकी बससमोर पिस्तूल रोखून उभा होता. उडी त्यांची, टाळी त्याची. 'पोलिस स्टोरी २'च्या वेळी मॅगी चंगच्या डोक्याला टाके पडले. तिसऱ्या भागात (१९९२) मिशेल योने मोटरसायकल धावत्या रेल्वेवर उडवली. जॅकी क्वालालंपूरवर हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकला होता, तरी मला विचाराल तर तो चित्रपट मिशेलने पळवला. 'ड्रंकन मास्टर २'च्या शेवटी जॅकी निखाऱ्यांवरून सरपटतो. तिथे त्याला लाथांनी तुडवणारा केन लो हा खऱ्या आयुष्यात त्याचा अंगरक्षक. काही मिनिटांच्या त्या मारामारीवर महिनोन्‌महिने खर्ची पडले. अशा कामाचा विमा उतरवायला कंपन्या तयार नसत, तेव्हा जखमी गड्यांच्या औषधपाण्याचा खर्च जॅकी स्वतः करी. म्हणून मी म्हणतो, या मालिका एका ताऱ्याच्या नव्हेत, एका तालमीच्या आहेत. 'जॅकी चॅन स्टंट टीम' ही पाटी तो अभिमानाने लावायचा. आमचे चाहते ती वाचायचेच नाहीत.

आपल्याकडे तरी कुठे वाचली? मुंबईच्या मूकपटांत तलवारी फिरवणारा मास्टर विठ्ठल 'आलम आरा'चा नायक होता, हे प्रश्नमंजूषेपुरतं उरलं. वाडियांच्या 'हंटरवाली'ने (१९३५) नादियाला घराघरात नेलं. ती आपल्या उड्या आपणच मारी. तिच्यासोबत पडणाऱ्या माणसांची नावं मात्र कुठल्या अंकात, कुठल्या आढाव्यात मला सापडली नाहीत. जॅकी 'द मिथ'साठी (२००५) हंपीच्या अवशेषांत येऊन गेला, 'कुंग फू योगा'च्या (२०१७) वेळी मुंबईत हसून गेला. दोन्ही चित्रपटांबद्दल मी मौन पाळतो.

'रश अवर'चे तीन भाग (१९९८, २००१, २००७) एका परिच्छेदात आटोपतो, रागावू नका. ख्रिस टकर बोलतो, जॅकी गोंधळतो, मधे दोन खुर्च्या आणि एक शिडी वापरून थोडी जुनी हातचलाखी होते, की लगेच कात्री. एका ठोशाला तीन तुकडे. ठोसा लागला की नाही हे कळायच्या आत कॅमेरा पळालेला. पैसा प्रचंड मिळाला, जगभर नाव झालं, पण करार मोडला तो इथे.

नंतरचा उतार पाहवत नाही. 'न्यू पोलिस स्टोरी'त (२००४) दारूत बुडालेल्या, रडणाऱ्या पोलिसाच्या भूमिकेत तो नट म्हणून मोठा दिसला, हे मान्य. २०१३च्या 'पोलिस स्टोरी'त नावाखेरीज जुनं काही नाही. २०२३चा 'राइड ऑन' हा म्हाताऱ्या स्टंटमनचा आणि त्याच्या घोड्याचा चित्रपट. जुन्या उड्यांची खरीखुरी दृश्यं त्यात आली तेव्हा मी चष्मा पुसला, लपवत नाही. आणि लगेच २०२४मध्ये 'अ लेजंड' आला. संगणकाने बनवलेला तरुण जॅकीचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर चिकटवलेला! ज्या माणसाने आयुष्यभर 'हे अंग माझं' म्हणून दाखवलं, त्याच्यावर ही वेळ यावी? चिनी प्रेक्षकांनीही तो चित्रपट नाकारला, हे मला बरं वाटलं. हल्लीचे तरुण मित्र मला मोबाइलवर तीस सेकंदांच्या तुकड्यात ती खांबाची उडी दाखवतात आणि 'काका, हे ग्राफिक्स ना?' असं विचारतात. मी चित्रपट पुरता पाहा म्हणतो. वेळ कुणाकडे आहे?

२०१६मध्ये जॅकीला सन्मानार्थ ऑस्कर मिळालं. आमच्या पंथाने पेढे वाटले. मीही खाल्ला, पण पेढा जरा कडूच लागला, कारण त्या बाहुलीवर एकच नाव कोरलेलं होतं. स्टंटच्या कामाला स्वतंत्र ऑस्कर द्यायचं अकादमीने ठरवलं ते २०२५मध्ये, आणि तेही २०२७मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून. हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत मारामारीच्या आखणीला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून वेगळं पारितोषिक आहे, आणि 'पोलिस स्टोरी'ने ते सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासोबत घरी नेलं होतं.